नेटवर्कवरील टेप ड्राइव्ह वारंवार ‘टाइमआउट’ देत असेल तर आधी सेकंद मोजावेत

शनिवारी पहाटे पूर्ण बॅकअप मध्येच थांबतो आणि लॉगमध्ये ‘टाइमआउट’ एवढाच शब्द दिसतो. सोमवारी केबल बदलली जाते, चाचणीचा छोटा बॅकअप सुरळीत पार पडतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच घडते. आमच्या कार्यालयात हा प्रकार जवळजवळ चार महिने चालला होता. त्या काळात दोन केबली आणि एक नेटवर्क कार्ड बदलले, शेवटी ड्राइव्हही हमीखाली बदलून घेतला, आणि नव्या ड्राइव्हनेही दुसऱ्याच आठवड्यात तीच तक्रार केली. पुढे उलगडले ते असे की दोष एक नव्हता, चार होते, आणि चारही लॉगमध्ये एकाच नावाने वावरत होते. ते वेगळे कसे करावेत, हे येथे लिहीत आहे.

आमची मांडणी साधी आहे. एलटीओ या प्रचलित टेप-मानकाच्या नवव्या, म्हणजे एलटीओ-९ पिढीचा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह असलेली छोटी टेप लायब्ररी, म्हणजे टेपा आपोआप बदलणारी पेटी, एका खोलीत आहे. ती एसएएस केबलने एका लिनक्स यंत्राला जोडलेली आहे आणि ते यंत्र आयस्कझी पद्धतीने, म्हणजे साठवण-उपकरणांच्या स्कझी आज्ञा नेटवर्कवरून नेऊन, ड्राइव्ह नेटवर्कवर उपलब्ध करून देते. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि त्याच्या दृष्टीने ड्राइव्ह जणू त्याच्याच पोटात बसवलेला असतो. मधले अंतर दहा गिगाबिटच्या जोडणीने पार होते. अशा मांडणीत बॅकअप प्रणाली, टेपचा चालक (ड्रायव्हर), आयस्कझीचे सत्र, टीसीपीची जोडणी, वाटेतली फायरवॉल, पलीकडचे यंत्र आणि शेवटी ड्राइव्ह अशा सात तरी पायऱ्या असतात, आणि यांतील जवळजवळ प्रत्येकीपाशी स्वतःचे घड्याळ असते. कोणत्याही एका घड्याळाची मुदत संपली की संपूर्ण काम कोसळते. ‘टाइमआउट’ हा शब्द एवढेच सांगतो की कोणाचा तरी धीर सुटला, पण कोणाचा सुटला आणि कोणामुळे सुटला, हे त्यातून कळत नाही.

टेपला हे इतके का बाधते, हे आधी समजून घ्यावे, कारण इंटरनेटवर सापडणारे बहुतेक सल्ले डिस्कसाठी लिहिलेले असतात. डिस्कवर ठरावीक क्रमांकाच्या जागी लिहिण्याची आज्ञा हरवली, तर तीच आज्ञा पुन्हा पाठवता येते, आणि आधीची पोहोचली असली तरी त्याच जागी तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिला जातो, म्हणजे बिघडत काही नाही. टेपवर ‘पुढचा ठोकळा लिही’ एवढीच आज्ञा असते. ती पोहोचली आणि फक्त उत्तर हरवले, तर दुसऱ्यांदा पाठवल्याने तोच ठोकळा दोनदा लिहिला जाईल, आणि ती पोहोचलीच नसेल, तर न पाठवल्याने एक ठोकळा गळेल. त्यामुळे लिनक्सचा टेप चालक लिहिण्याची आज्ञा स्वतःहून पुन्हा पाठवत नाही, सरळ त्रुटी कळवतो. जोडणी क्षणभर तुटून लगेच जुळली तर डिस्कवरच्या कामाला थोडा धक्का बसतो आणि ते पुढे चालू राहते, पण टेपवरचा सहा तासांचा बॅकअप तिथेच संपतो.

याच कारणामुळे आयस्कझीच्या सत्राची ‘पुनर्जोडणीची मुदत’ वाढवण्याचा सर्वत्र दिला जाणारा सल्ला टेपच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ओपन-आयस्कझी या प्रणालीत ती मूळची १२० सेकंद असते. ती तासभर केली तरी, सत्र तुटताना जी लेखन-आज्ञा हवेत होती ती अयशस्वी म्हणूनच परत येते, आणि बॅकअप प्रणालीला तेवढे पुरते. टेपसाठी सत्र तुटू न देणे हाच खरा इलाज आहे.

आकडे ओळखणे

आम्ही पहिली योग्य गोष्ट केली ती चार महिन्यांनंतर. शेवटची यशस्वी हालचाल आणि त्रुटीची नोंद यांच्यामध्ये नेमके किती सेकंद गेले, ते प्रत्येक घटनेसाठी एका वहीत लिहून काढले. त्यासाठी दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक आहे. आमचे एक यंत्र भारतीय वेळेत नोंदी करत होते आणि दुसरे जागतिक प्रमाणवेळेत, शिवाय दुसऱ्याचे घड्याळ तीन मिनिटे मागे होते. साडेपाच तासांचा फरक सहज लक्षात येतो, पण या तीन मिनिटांनी आम्हाला दोन आठवडे चकवले, कारण पलीकडची चूक नेहमी अलीकडच्या चुकीच्या आधी घडल्यासारखी दिसायची. वेळ जुळवणारी सेवा दोन्हीकडे चालू असल्याची खात्री करूनच पुढे जावे.

लॉगमधून शेवटची हालचाल कळत नसेल, तर नेटवर्कवरील पाकिटे नोंदवावीत. आयस्कझीचे पोर्ट ३२६० असते. संपूर्ण पाकिटे साठवली तर डिस्क काही मिनिटांत भरेल, म्हणून प्रत्येक पाकिटाचे पहिले दीड-दोनशे बाइटच घ्यावेत आणि ठरावीक आकाराच्या फाइली आळीपाळीने पुसल्या जातील अशी व्यवस्था करावी. त्रुटी आली की नोंदणी थांबवावी आणि शेवटून मागे वाचत जावे. कोणती आज्ञा गेली आणि तिचे उत्तर आले नाही, हे तेथे स्पष्ट दिसते.

वहीत जे आकडे आले ते वाटेल तसे विखुरलेले नव्हते. ते १०, ३०० आणि ३६०० यांच्या आसपास गोळा झालेले होते. यंत्र बिघडते तेव्हा इतके गोल आकडे येत नाहीत. गोल आकडा आला की तो कोणीतरी कुठल्यातरी सेटिंगमध्ये लिहिलेला असतो, आणि तो शोधून काढता येतो.

दहा सेकंद

लिनक्सच्या लॉगमध्ये जोडणीच्या त्रुटीपुढे १०२२ हा क्रमांक असेल, तर पिंगची मुदत संपली असे समजावे. इनिशिएटर, म्हणजे येथे बॅकअप सर्व्हर, पलीकडून काही वेळ काहीच न आल्यास टार्गेटला, म्हणजे टेपच्या खोलीतील यंत्राला, ‘आहेस का?’ असा रिकामा निरोप, म्हणजे पिंग, धाडतो. मूळच्या सेटिंगनुसार पाच सेकंद शांतता असली की हा निरोप जातो आणि आणखी पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर जोडणी मेली असे गृहीत धरले जाते. एकूण दहा सेकंद झाले. डिस्कच्या दुनियेत हे उचित आहे, कारण तेथे लवकर दुसऱ्या मार्गाकडे वळायचे असते. टेपला बहुधा दुसरा मार्गच नसतो.

अडचण अशी की हा निरोप वेगळ्या रस्त्याने जात नाही. तो त्याच टीसीपी जोडणीतून, आधीच रांगेत असलेल्या काही मेगाबाइट विदेच्या (डेटाच्या) मागे उभा राहतो. रस्ता तुंबला तर विदेसोबत निरोपही तुंबतो. आमच्याकडे रात्री एक वाजता आभासी यंत्रांच्या प्रती दुसऱ्या साठवणीवर जात होत्या, आणि त्या ज्या जोडणीवरून जात होत्या त्याच जोडणीवरून टेपकडे विदा जात होती. वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरचे आभासी वेगळे नेटवर्क, केलेले होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. व्हीलॅन म्हणजे रस्त्यावर मारलेला पांढरा पट्टा होय, त्याने रस्ता रुंद होत नाही. टेपसाठी स्विचवर स्वतंत्र पोर्ट दिले, आणि पिंगचे अंतर ३० सेकंद व मुदत ६० सेकंद केली.

येथे एक खाचखळगा आहे, ज्यात आम्हीही पडलो. आयस्कझीच्या मुख्य सेटिंग फाइलमधील बदल फक्त त्यानंतर नव्याने शोधलेल्या टार्गेटना लागू होतो. आधीच नोंदलेल्या टार्गेटची स्वतंत्र नोंद असते, आणि तीत जुनेच आकडे राहतात. त्या नोंदीत बदल करून, सत्रातून बाहेर पडून पुन्हा आत जावे लागते, आणि ते करताना टेपवर काम चालू नसावे हे वेगळे सांगायला नको. बदल केल्यावर चालू सत्राची माहिती वाचून नवा आकडा खरोखर लागू झाला आहे का, हे पाहावे.

दहाचा आकडा दुसऱ्या एका दोषातही येतो, आणि दोन्हींची गल्लत होते. तो दोष नेटवर्कवरील मोठ्या पाकिटांचा, म्हणजे जंबो फ्रेमचा आहे. दोन्ही टोकांच्या यंत्रांवर फ्रेमची मर्यादा ९००० बाइट ठेवली आणि मधल्या स्विचचे एखादे पोर्ट १५०० वरच राहिले, तर मोठी पाकिटे मुकाट गिळली जातात. लहान पाकिटे मात्र सुखरूप जातात. त्यामुळे लॉगिन होते, ड्राइव्हचे नाव-गाव कळते, स्थिती विचारता येते, टेप मागे गुंडाळता येते, आणि पहिला मोठा ठोकळा लिहायला घेताच सगळे थिजते. अडकलेल्या विदेमागे पिंगही अडकते, म्हणून त्रुटी पुन्हा १०२२ आणि वेळ पुन्हा दहा सेकंद. फरक असा की गर्दीमुळे येणारी त्रुटी बॅकअपच्या मध्ये, अवेळी येते, आणि फ्रेममुळे येणारी प्रत्येक वेळी पहिल्याच लेखनाला येते. केवळ एका टोकाला १५०० असेल तर टीसीपी आपणहून लहान आकार ठरवून घेते आणि काम चालते. घात होतो तो मधल्या पोर्टवर. पडताळणीसाठी तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे, कारण उरलेले २८ बाइट शीर्षकांचे असतात. आमच्या स्विचवर सेटिंग केलेले होते, पण ते कायमचे जतन केले नव्हते. एका शुक्रवारी वीज गेली, स्विच पुन्हा सुरू झाला आणि जुन्या सेटिंगवर गेला.

तीनशे सेकंद, किंवा नव्या टेपचा रुसवा

एलटीओ-९ घेणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि याच दोषापायी आमचा ड्राइव्ह विनाकारण बदलला गेला. या पिढीत नवीन टेप प्रथम ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्ह त्या टेपचे मोजमाप करून घेतो. १८ टीबी विदा सुमारे १,०३५ मीटर लांबीच्या पट्टीवर बसवायची, तर मार्ग अत्यंत अरुंद होतात आणि पट्टीच्या रुंदीत हवेतील ओल व उष्णता यांमुळे होणारा किंचित फरकही हिशेबात घ्यावा लागतो. या कामाला सरासरी ४० मिनिटे लागतात आणि दोन तासांपर्यंतही लागू शकतात. ते प्रत्येक टेपच्या आयुष्यात एकदाच होते. त्याच ड्राइव्हमध्ये एलटीओ-८ची टेप घातली तर हे काही होत नाही, त्यामुळे जुन्या टेपवर चाचणी करणाऱ्याला दोष कधीच सापडत नाही.

या काळात ड्राइव्ह ‘तयार होत आहे’ असे प्रामाणिकपणे सांगत असतो. पण बॅकअप प्रणालीला तेवढा धीर नसतो. उदाहरणार्थ, बॅक्युला या बॅकअप प्रणालीत टेप बदलण्यासाठी थांबण्याची मूळ मुदत पाच मिनिटे आहे, आणि तिच्यासोबत येणारी टेप बदलण्याची स्क्रिप्टही ३०० सेकंदच वाट पाहते. एक मुदत वाढवून दुसरी तशीच ठेवली तर परिणाम शून्य, आणि सेटिंग चालत नाही असा गैरसमज मात्र पक्का होतो. टेपचे उपकरण उघडताना लिनक्सचा चालकसुद्धा ड्राइव्ह तयार होण्याची १२० सेकंद वाट पाहतो. पुनर्जोडणीची मुदतही १२० सेकंदच असल्यामुळे, वहीत हा आकडा आला तर घाईने निष्कर्ष काढू नये.

मुदती दोन तासांपलीकडे वाढवणे हा एक मार्ग आहे, पण मला तो आवडत नाही, कारण मग खरोखर अडकलेली टेपही दोन तासांनी कळते. आम्ही नवीन टेपांचे खोके आले की त्या आधी टेपच्या खोलीत किमान एक दिवस तशाच ठेवतो, विशेषतः पावसाळ्यात, आणि मग दिवसाउजेडी एकेक करून ड्राइव्हमध्ये घालून त्यांचे मोजमाप उरकून घेतो. ज्या हवेत टेप वापरायची त्याच हवेत हे मोजमाप झालेले बरे. मोजमाप झालेल्या टेपवर हिरवी चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टी नसलेली टेप रात्रीच्या बॅकअपसाठी लायब्ररीत जात नाही.

एक तास

उरलेला आकडा ३६०० होता. मोठ्या बॅकअपमध्ये विदा एका जोडणीवरून वाहते आणि हुकूम देणारी नियंत्रण-जोडणी वेगळी असते. तीवर तासन्‌तास काहीही बोलणे होत नाही. वाटेत फायरवॉल असेल तर ती अशी मुकी जोडणी ठरावीक वेळेनंतर आपल्या यादीतून काढून टाकते, आणि अनेक फायरवॉलांत ही वेळ एक तास असते. ती दोन्ही बाजूंना काही कळवत नाही. बॅकअप संपतो, नियंत्रकाला ‘झाले’ असे सांगायचे असते, आणि तो निरोप कोठेच पोहोचत नाही. टेपवर सगळी विदा नीट लिहिलेली असूनही काम अयशस्वी ठरते. छोटा बॅकअप तासाच्या आत संपतो, म्हणून चाचणीत हा दोष कधीही दिसत नाही.

लिनक्समध्ये टीसीपी जोडणी जिवंत ठेवण्याची सोय असते, पण तिचा पहिला निरोप मूळ सेटिंगनुसार ७२०० सेकंदांनी जातो, म्हणजे फायरवॉलने नाव खोडून तास उलटल्यावर. हा आकडा ३०० वर आणावा, आणि बॅकअप प्रणालीत ‘हार्टबीट’चे, म्हणजे अधूनमधून ‘मी आहे’ असे कळवण्याचे, सेटिंग असल्यास तेही तितकेच ठेवावे. एनडीएमपी (नेटवर्कवरील साठवणीच्या बॅकअपची एक प्रमाणित पद्धत) वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडते. तेथे नियंत्रणाचे पोर्ट १०००० असते.

न दिसणारे घड्याळ

लिनक्सच्या टेप चालकाचे नाव ‘एसटी’ आहे. आपल्या लाल एसटीची वाट पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्याचा धीर ओळखीचा वाटेल. वाचन-लेखनासारख्या आज्ञांसाठी तो ९०० सेकंद थांबतो, आणि टेप पुसणे, शोधणे, मागे गुंडाळणे अशा लांब कामांसाठी १४००० सेकंद, म्हणजे पावणेचार तासांहून अधिक. या दोन्ही मुदती टेप हाताळण्याच्या नेहमीच्या साधनाने बदलता येतात, पण त्या आधीच इतक्या सैल आहेत की वाढवण्याची वेळ सहसा येत नाही. वहीत खरोखर ९०० आला, तर मात्र ड्राइव्ह किंवा टेपकडे वळावे, कारण निरोगी ड्राइव्हला एक ठोकळा लिहायला पंधरा मिनिटे लागत नाहीत.

तरीही आमचा टेप पूर्ण पुसण्याचा प्रयत्न दर वेळी साडेआठ मिनिटांच्या आतच मोडत असे. बॅकअप सर्व्हरवर पावणेचार तासांची मुदत असताना असे का व्हावे, हे कळेना. कारण पलीकडच्या यंत्रात होते. लिनक्सच्या टार्गेट प्रणालीतील जो भाग स्कझी आज्ञा जशाच्या तशा खऱ्या उपकरणाकडे पोहोचवतो, त्याचे स्वतःचे घड्याळ असते. डिस्कसाठी ते १५ सेकंदांचे आणि इतर उपकरणांसाठी ५०० सेकंदांचे असते. ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मूळ संहितेत लिहिलेले आहे, सेटिंगच्या फाइलीत नाही. म्हणजे अलीकडे कितीही मुदत वाढवली तरी पलीकडे ५०० सेकंदांना गाशा गुंडाळला जाणार. पूर्ण टेप पुसायला कित्येक तास लागतात, म्हणून ते काम आता आम्ही नेटवर्कवरून करतच नाही. सत्र बंद करून, टेपच्या खोलीतील यंत्रावरूनच करतो. कर्नल नव्याने बांधणे शक्य होते, पण दर सुरक्षा-अद्यतनानंतर ते पुन्हा करत बसण्याइतके हे काम वारंवार लागत नाही.

ड्राइव्हची साफसफाई, टेपअलर्टचे (ड्राइव्ह स्वतः देतो ते) इशारे आणि टेपची झीज यांच्याकडे दुर्लक्ष करावे असे नाही. मात्र या कारणांनी येणाऱ्या तक्रारीत सहसा माध्यमाच्या किंवा यंत्राच्या त्रुटीचे संकेत सोबत असतात, आणि वेळेचा आकडा गोल नसतो.

त्रुटी आल्यानंतर

टाइमआउट झाल्याबरोबर काम पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा. अलीकडच्या यंत्राने हात झटकले तरी ड्राइव्ह आधीची आज्ञा अजून पूर्ण करत असू शकतो. अशा वेळी यंत्र प्रथम आज्ञा रद्द करण्याचा प्रयत्न करते, त्यासाठी १५ सेकंद थांबते, मग ड्राइव्हला रीसेट पाठवते, त्यासाठी ३० सेकंद थांबते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर सत्रच मोडते. या गडबडीत आपण नवी आज्ञा घुसवली तर तीही त्याच फेऱ्यात सापडते. ड्राइव्हचा दिवा शांत होईपर्यंत थांबावे.

रीसेटनंतर टेप नेमकी कोठे उभी आहे, यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणूनच लिनक्सचा चालक अशा वेळी टेप मागे गुंडाळेपर्यंत किंवा नव्याने जागा ठरवेपर्यंत लिहू देत नाही. हा अडथळा त्रासदायक वाटतो, पण तो नसता तर पुढचे काम टेपच्या आरंभापासून लिहायला लागले असते आणि आधीचा सर्व बॅकअप गेला असता. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये त्रुटी आली की टेप गुंडाळून पुन्हा प्रयत्न कर, अशी ओळ आहे, त्यांनी ती आजच काढावी, कारण ती नेमका हाच अडथळा ओलांडते.

अर्धवट राहिलेली टेप प्रणालीत ‘भरली’ म्हणून नोंदवावी, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिले जाणार नाही. नंतर ती दिवसा लावून, शेवटच्या पूर्ण झालेल्या फाइलपर्यंत वाचून पाहावी. आमच्या अशा सहा टेपांपैकी पाच शेवटच्या फाइलखुणेपर्यंत (फाइल संपल्याच्या टेपवरील खुणेपर्यंत) व्यवस्थित वाचल्या गेल्या. सहावीची शेवटची खूणच लिहिली गेलेली नव्हती, आणि तीवरील शेवटचे काम मूळ सर्व्हरवर विदा शिल्लक होती म्हणून पुन्हा घेता आले.